दहा माणसांसाठी घासाघीस

बकरी ईदला भिवंडीतले माग थांबतात. एरवी रात्रीही न थांबणारा खडखडाट बंद होतो आणि गल्ल्यागल्ल्यांतून माणसं नमाजाला निघतात. निमित्त असतं एका फार जुन्या बापाचं. इब्राहीमला स्वप्न पडलं की मुलाला ईश्वराच्या नावाने अर्पण करायचं आहे. कुराणात तो हे मुलालाच सांगतो आणि तुला काय वाटतं असं विचारतो. मुलगा म्हणतो, हुकूम झाला आहे तसं करा. ऐन वेळी मुलगा वाचतो आणि त्याच्या जागी जनावराची कुर्बानी होते.

खाडीवरचा कशेळीचा पूल ओलांडला की ठाणं. तिथे बेने इस्रायलींचं 1879 सालचं सिनेगॉग आहे, शाआर हाशामाइम. हे मराठी बोलणारे कोकणी यहुदी. यांचे पूर्वज गावोगाव तेलाचे घाणे चालवत, पण शनिवारी घाण्याला हात लावत नसत; लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्या नव्याच्या सणाला, म्हणजे यहुदी नववर्षाला, मेंढ्याच्या शिंगाचं शोफार फुंकतात आणि हीच गोष्ट वाचतात. इथे बापाचं नाव अब्राहाम आणि मुलाचं इसहाक. मुस्लिम परंपरा बहुतेक ठिकाणी त्या मुलाला इस्माईल मानते. बायबलच्या कथेत इसहाक डोंगर चढताना बापाला विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, मग बळीचं मेंढरू कुठे आहे?

खाडीच्या दोन्ही काठांवर आज्ञापालनाचा आदर्श म्हणून एकाच माणसाची आठवण होते. मला थक्क करणारी बाब यापुढची आहे. देवाशी समोरासमोर उभा राहून वाद घालणारा माणूसही हाच.

इसहाकच्या त्या प्रसंगाच्या चारच अध्याय आधी, बायबलमधल्या उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात, देव सदोम शहराचा नाश करायला निघाला आहे. अब्राहाम वाट अडवल्यासारखा उभा राहतो. दुष्टांबरोबर भल्यांनाही मारणार का, असं तो विचारतो. साऱ्या जगाचा न्यायाधीशच न्याय करणार नसेल तर कसं, हेही विचारायला कचरत नाही. मग भाजीबाजारात चालावी तशी घासाघीस सुरू होते. शहरात पन्नास भली माणसं असली तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस? मी माती आणि राख आहे, असं मध्येच म्हणतो, आणि पुढचा आकडा टाकतो. दहावर येऊन थांबतो. कुराणही सांगतं की लूतच्या लोकांसाठी, म्हणजे याच शहरासाठी, इब्राहीम आमच्याशी वाद घालू लागला. त्याच ठिकाणी त्याला सहनशील आणि कोमल मनाचा म्हटलं आहे. फैसला झाला आहे, आता हे सोड, असंही त्याला सांगितलं जातं. पण वाद घातल्याबद्दल शिक्षा होत नाही.

आता त्याच्याआधीचा नोहा घ्या. तारू बांध म्हटलं, त्याने बांधलं. लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास, उंची तीस. सांगितलं तसं सगळं केलं. पण बुडणाऱ्या जगासाठी तो एक शब्दही बोलत नाही. बायबलमध्ये नोहाच्या तोंडी पहिलं वाक्य येतं ते जलप्रलय ओसरल्यावर, आणि ते शापाचं आहे. यहुदी भाष्यकारांना हे फार बोचलं. नोहा 'त्याच्या पिढीत' नीतिमान होता असं लिहिलं आहे. काहींनी त्याचा अर्थ लावला की अब्राहामच्या काळात असता तर त्याला कोणी मोजलंही नसतं.

आणि बंड? कुराणात देवाचा हुकूम असूनही आदमपुढे झुकायला इब्लीस, म्हणजे सैतान, नकार देतो. कारण सांगतो, मी आगीचा, हा मातीचा. पुढे आदमही आज्ञा मोडतो. दोघांचा अपराध एकाच जातीचा, पण आदम आणि त्याची बायको म्हणतात, आम्ही आमच्यावरच अन्याय केला, क्षमा कर. म्हणजे हुकूम मोडला एवढ्यावर हिशेब संपत नाही. कशासाठी मोडला आणि विचारल्यावर काय उत्तर दिलं, तेही धरलं जातं. इब्लीसने स्वतःच्या उंचीसाठी तोंड उघडलं. अब्राहामने उघडलं ते परक्या शहरासाठी.

मग पोटच्या पोरासाठी तो गप्प का राहिला? शतकानुशतकं माणसं या जागी अडखळली आहेत. मला इसहाकच्या त्या अध्यायाचा शेवट सुन्न करतो. अब्राहाम चाकरांकडे परतला असं लिहिलं आहे. इसहाकचं नाव तिथे नाही. आणि उत्पत्तीत त्यानंतर देव अब्राहामशी थेट बोललेला दिसत नाही. मजकूर कौतुक करतो आणि ही शांतताही जपतो. मला तो त्याचा प्रामाणिकपणा वाटतो.

शहर वाचवायला किती माणसं पुरतात, हा प्रश्न भिवंडीइतका फार थोड्या गावांना भिडला असेल. 1970 च्या मे महिन्यात इथे दंगल झाली, तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. 1984 च्या मेमध्ये पुन्हा पेटलं. 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढारी गौण होते. गल्लीतली साधी हिंदू-मुसलमान माणसं बीटवरच्या पोलिसासोबत नियमित बसत. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपल्याच माणसांची हाक आली तरी त्या गल्ल्यांत कुणीतरी नाही म्हटलं असणार. याला आज्ञापालन म्हणावं की बंड?

अब्राहाम दहावरच का थांबला? राशी हा मध्ययुगीन भाष्यकार नोहाकडे बोट दाखवतो: तारवात आठ माणसं होती, आणि आठांमुळे जग वाचलं नव्हतं. यहुदी सामूहिक प्रार्थनेलाही परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. पण तालमूद या यहुदी ग्रंथाने हा आकडा काढला आहे तो मोशेच्या काळातल्या हेरांवरून. बारा हेर वचनभूमी पाहून आले, त्यांतल्या दहांनी पुढे जायला नकार देऊन लोकांना बिथरवलं. देव त्या दहांना 'मंडळी' म्हणतो, म्हणून मंडळी दहांची. बंडखोरांवरून ठरलेला हा आकडा कोकणातल्या सिनेगॉगांत आजही मोजतात. 1948 नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले, त्यामुळे किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत आता तो भरत नाही.