उत्तर हिंदुस्थानचा पहिला प्रवास : बेताच्या खर्चांत

पुष्कळ घरांच्या कपाटांत एक कागद असतो. त्यावर उत्तर हिंदुस्थानांतील गांवांचीं नांवें एकाखालीं एक लिहिलेलीं असतात. आजोबांची काशी, आजींचा प्रयाग, मुलांचा ताजमहाल, धाकट्या सूनबाईंनीं लग्नापासून मनांत धरलेलें सिमला, मग हरिद्वार, अमृतसर, जयपूर. आणि जागा उरलीच तर काश्मीरहि. वर्षांतून एकदां हा कागद बाहेर निघतो, दोन रात्रीं जेवणानंतर त्यावर चर्चा होते, कोणी तरी तळाशीं खर्चाची बेरीज मांडतो, आणि ती पाहून सर्वजण गप्प होतात. कागद घडी होऊन पुन्हा कपाटांत जातो. दहा दहा वर्षें असे घडीचे राहिलेले कागद आमच्या पाहण्यांत आहेत. त्या दहा वर्षांत कागदावरचीं गांवें होतीं तेथेंच राहतात. आजोबांचे गुडघे मात्र होते तसे राहत नाहींत.

हा कागद कपाटांतून तिकिटापर्यंत कसा न्यावा, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. उदाहरणासाठीं आम्ही आठ माणसांचें घर धरितों : आजी-आजोबा, दोघे भाऊ व त्यांच्या पत्नी, आणि शाळेंत जाणारीं दोन मुलें. उत्पन्न नोकरीचें, शिल्लक बेताची, रजा फार तर दोन आठवड्यांची.

अशा प्रवासांत पैसा कोठें जातो? राहण्यांत व खाण्यांत जातो, असा सर्वसाधारण समज आहे, आणि म्हणून लोक खोलीच्या भाड्यांत शंभर-दोनशें रुपयांची घासाघीस करितात. आमच्या मतें खरा पैसा जातो तो एका वाक्यांत. तें वाक्य असें : "एवढें लांब आलोंच आहों, तर तेंहि पाहून घेऊं." या वाक्यासरशीं आठ तिकिटें, दोन मोटारी, एक जास्तीची रात्र आणि धांवपळीनें कोणास तरी आलेला ताप, इतकें सर्व एकदम खर्चीं पडतें. दिल्लीपासून सिमला नकाशावर बोटभर दिसतें. परंतु आठ माणसांस तेथें नेऊन आणण्यांत तीन दिवस सहज जातात, आणि त्यांतील एकच दिवस सिमल्याचा असतो.

हें आम्ही ऐकीव माहितीवर लिहीत नाहीं. आमच्या घरची पहिली उत्तरयात्रा याच वाक्यानें बिघडली. बारा दिवसांत नऊ गांवें असा तो बेत होता, व तो आखणारे आम्हीच. महिना जानेवारीचा. धुक्यामुळें गाडी अकरा तास उशिरा काशीस पोंचली, आणि पुढच्या गाडीचीं तिकिटें त्याच रात्रींचीं. मातोश्रींना आयुष्यभर काशीची आस. त्यांना घाईनें रिक्षांत बसवून घाटाकडे नेलें, गर्दींत चार ओंजळी पाणी अंगावर घेतलें न घेतलें तोंच देवळाची रांग पाहून मागें फिरविलें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं कोणतें गांव पाहिलें, हें आज आम्हांस आठवतहि नाहीं. मातोश्रींनीं तक्रार कधींच केली नाहीं. पुढें कोणी काशीचा विषय काढला, तर त्या एवढेंच म्हणत, "पाहिली कीं. रिक्षांतून." त्यांना पुन्हा नेण्याचें आम्ही दरवर्षीं ठरवीत राहिलों, आणि तें राहून गेलें.

असो. कागद हातीं घेतल्यावर पहिलें काम नांवें खोडण्याचें. पुन्हा जाण्याचा योग ज्याला येण्याचा संभव सर्वांत कमी, त्याचें गांव प्रथम लिहावें, आणि त्याला पाहिजेत तितके दिवस तेथें द्यावे. मुलांना अमृतसर पुढें पन्नास वर्षें पाहतां येईल. आमच्या या आठ माणसांच्या कागदावर अशा रीतीनें तीनच मुक्काम उरतात : काशी, आग्रा व दिल्ली. प्रयाग काशीच्या पोटांत आणि मथुरा-वृंदावन आग्र्याच्या पोटांत, एकेका दिवसाच्या फेरीनें, बसतात. सूनबाईंना सिमल्याचें दुःख होईल. तें आम्ही समजूं शकतों, आणि पुढचा प्रवास त्यांच्या नांवानें आतांच लिहून ठेवावा असें सुचवितों.

मुक्कामांचा क्रमहि विचारानें लावावा. बहुतेक लोक दिल्लीपासून आरंभ करून काशी शेवटीं ठेवितात. जणूं पंगतींत गोड शेवटीं वाढावें! परंतु शेवटापर्यंत वडील माणसांचा उत्साह, मुलांचें पोट व थैलींतील पैसा हीं तिन्ही थकलेलीं असतात. काशी प्रथम ठेवावी. मुंबईहून व पुण्याहून काशीस थेट गाड्या आहेत. त्या इटारसी-जबलपूरवरून जातात, आणि एक अहोरात्र व वर कांहीं तास घेतात. काशींत पांच रात्री, मग रात्रींच्या गाडीनें आग्रा व तेथें दोन रात्री, तेथून दोन-तीन तासांवर दिल्ली व तेथें तीन रात्री, आणि परत. यांत एक दिवस हातचा उरतो. तो कोणत्याहि गांवास देऊं नये. ज्या दिवशीं आजोबा म्हणतील, "आज मी कोठें येत नाहीं," तो त्या दिवसासाठीं आहे.

पांच रात्री काशींत काय करावयाचें, असें तरुण मंडळी विचारतील. काशी ही एका दिवशीं दिसत नाहीं. एक सकाळ नावेंत घालवावी. अस्सीपासून मणिकर्णिकेच्या पुढपर्यंत नाव संथपणें गेली, म्हणजे घाटांच्या ओळींत भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट अशीं आपल्याकडचीं नांवें एकामागून एक लागतात. विश्वनाथाचें आजचें देऊळ अहिल्याबाई होळकरांनीं इ. स. १७८० मध्यें बांधविलें. शिवराज्याभिषेकासाठीं १६७४ मध्यें रायगडीं आलेले गागाभट्ट येथलेच, आणि झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्महि येथलाच. मुलांना शाळेच्या पुस्तकांत सुटीं सुटीं भेटलेलीं ही माणसें एकाच गांवीं भेटतात, याचा त्यांना मोठा अचंबा वाटतो. देवळाभोवतालची दाट वस्ती काढून २०२१ च्या डिसेंबरांत गंगेपासून देवळापर्यंत मोकळा मार्ग खुला झाला. जुन्या गल्ल्या गेल्याचें दुःख ज्यांना आहे त्यांचें म्हणणें आम्हांस पटतें. पण काठी टेकीत जाणाऱ्या आजींना तो मार्ग सोयीचा आहे, हेंहि खरें. दर्शनास जातांना मोबाइल व पिशव्या खोलीवरच ठेवाव्या, म्हणजे त्या दुकानदारांच्या स्वाधीन करण्याची वेळ येत नाहीं.

एक दिवस सारनाथास द्यावा. तें काशीहून सुमारें १० किलोमीटरांवर आहे. आपल्या नोटांवर व नाण्यांवर जें सिंहांचें चिन्ह आहे, त्याचा मूळ दगडी स्तंभशीर्ष तेथील संग्रहालयांत आहे. शुक्रवारीं तें बंद असतें. प्रयागास पहांटे निघून रात्रीं परत येतां येतें. संगमावर नावेचा दर नावेंत पाऊल ठेवण्यापूर्वीं ठरवावा, आणि तो माणशी कीं नावेचा, जाण्याचा कीं जाऊन-येऊन, हें चारचौघांदेखत बोलून घ्यावें. धार्मिक विधि करावयाचे असल्यास गुरुजींशीं दक्षिणेचेंहि तसेंच. यांत संकोच मानणाऱ्या सभ्य माणसाचें नुकसान दोनदां होतें, एकदां पैशाचें आणि एकदां मनाच्या शांततेचें.

आग्र्यास ताजमहाल शुक्रवारीं बंद असतो, आणि दिल्लीचा लाल किल्ला सोमवारीं. एवढे दोन वार ध्यानांत न ठेवल्यामुळें बेत फसलेले लोक आम्हांस ठाऊक आहेत. ताजमहाल सूर्योदयाच्या सुमारास उघडतो व तेव्हांच पाहावा. भारतीयांस प्रवेश ५० रुपये, मुख्य कबरीच्या इमारतींत जावयाचें तर आणखी २०० रुपये, आणि १५ वर्षांखालील मुलांस प्रवेश माफ आहे. दुपारी किल्ला. १२ मे १६६६ रोजीं औरंगजेबाच्या दरबारांत जें घडलें, तें याच किल्ल्यांत. तो प्रसंग वडील माणसांनीं तेथें उभें राहून मुलांना सांगावा. वाटाड्याच्या पाठ केलेल्या भाषणाहून तें त्यांच्या अधिक काळ स्मरणांत राहील. वृंदावनांत चष्मा सांभाळावा. तेथलीं माकडें तो डोळ्यांवरून अलगद उचलतात, आणि खाऊ दिल्याखेरीज परत करीत नाहींत. दिल्लीविषयीं विस्तार करीत नाहीं. तेथें मेट्रोनें फिरावें, कुतुबमिनार व हुमायूनची कबर हीं पाहावींत, आणि एका दुपारीं बंगला साहिब गुरुद्वारांत लंगरच्या पंक्तीस बसावें. तेथें कोणास कांहीं विचारीत नाहींत, आणि वाढणारांचें अगत्य पाहून आजींचा संकोच आपोआप जातो.

आतां तिकिटें. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधीं खुलें होतें. पूर्वीं ही मुदत १२० दिवसांची होती, आणि घरांतील वडील मंडळी अजून तीच धरून बसतात. ज्येष्ठांची भाड्यांतील सवलतहि मार्च २०२० मध्यें बंद झाली. अंदाजपत्रकांत ती धरूं नये. एका साध्या तिकिटावर सहाच माणसें बसतात. आपण आठ आहों, हें येथें पथ्यावर पडतें. खालच्या शय्येचा राखीव कोटा वडील माणसें एकटीं किंवा दोघेंच एका तिकिटावर असतील तेव्हां मिळतो. मोठ्या तिकिटांत त्यांचीं नांवें घातलीं तर तो हक्क जातो, आणि सत्तरीच्या आजोबांस मधल्या शय्येवर चढावें लागतें. म्हणून आजी-आजोबांचें तिकीट निराळें काढावें. डबा वेगळा आला तर एका मुलानें रात्रीं दोनदां जाऊन त्यांची विचारपूस करावी. वातानुकूलित तिसऱ्या वर्गाचें भाडें स्लीपरच्या सुमारें अडीच पट पडतें. काशीच्या लांब पल्ल्यास तें सर्वांनीं द्यावें, आणि काटकसर परतीच्या वाटेवर करावी. थकून घरीं पोंचलें तर निदान घर तरी असतें!

तिकिटावरचें स्थानकाचें नांव दोनदां वाचावें. काशीस जाणारा माणूस वाराणसी जंक्शनवर उतरतो, बनारस नांवाच्या दुसऱ्या स्थानकावर उतरतो, किंवा नदीपलीकडे जुन्या मोगलसराईस उतरतो, ज्याचें नांव २०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन असें आहे. दिल्लीसहि नवी दिल्ली, जुनी दिल्ली, निजामुद्दीन, आनंद विहार अशीं अनेक स्थानकें आहेत. चुकीच्या स्थानकावर उतरलेल्या आठ माणसांचें व अकरा बोजांचें रिक्षाभाडें एका दिवसाच्या जेवणाइतकें होतें.

हवा आणि शाळेची सुटी यांचें मात्र उत्तरेशीं पिढीजात वैर आहे. मे महिन्यांत सुटी असते, आणि तेव्हां तेथें लू वाहते. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत धुकें. दिवाळींत थंडी सुखाची, परंतु मुंबई-पुण्यांत राबणारा उत्तरेकडचा सारा कामकरी वर्ग त्याच दिवसांत दिवाळी व छठ यांसाठीं घरीं जात असतो. त्याच्या वर्षाकांठच्या एका भेटीपुढें आपल्या सहलीचें कौतुक तें काय? दिल्लीची हवाहि त्या सुमारास दम्याच्या माणसास मानवत नाहीं. कार्तिकी पौर्णिमेस काशींत देवदिवाळी असते. तिची शोभा अवर्णनीय, आणि त्या दिवसांतील खोल्यांचे दरहि तसेच. आमचा कौल फेब्रुवारीच्या उत्तरार्धास आहे. महाशिवरात्र, होळी व प्रयागचा माघमेळा यांच्या तारखा पाहून त्या टाळाव्या, आणि खालच्या इयत्तांतील मुलांची शाळा खुशाल बुडवावी. शिक्षकबंधूंनीं आम्हांस क्षमा करावी.

थैली एकाच माणसाकडे असावी, आणि तो माणूस घरचा कर्ता पुरुषच असला पाहिजे असें नाहीं. महिन्याचें वाणसामान जिच्या हिशेबानें चालतें, तिच्याकडे ती दिल्यास दोन दिवसांचा खर्च अधिक निघतो असा अनुभव आहे. एकंदर रकमेचा पांचवा भाग निराळ्या खात्यांत ठेवावा व तो आजारपणाखेरीज मोडूं नये. फराळाचें म्हणाल तर दशम्या, कोरडी चटणी, मेतकूट, चिवडा एवढें दोन दिवसांचें घ्यावें. स्टोव्ह, पातेलीं, तांदूळ यांची पेटी मुळींच घेऊं नये. कित्येक घरांत खर्च वांचविण्यासाठीं ती नेतात, आणि मग धर्मशाळेच्या कोपऱ्यांत दोघी जावा भात शिजवीत बसतात व बाकीचे घाटावर जातात. हा प्रवास त्यांचाहि आहे. सकाळीं कचोरी-भाजी व जिलबी, दुपारीं साधी थाळी, रात्रीं दूध व केळीं, इतक्यावर उत्तरेंत उत्तम निभतें. मोहरीच्या तेलाचा वास मुलांना दोन दिवस खटकतो, तिसऱ्या दिवशीं तींच मागून घेतात.

बेताच्या पैशांत उत्तरेस निघालेले आपण कांहीं पहिलेच नव्हे. वरसईचे विष्णुभट गोडसे घरचें कर्ज फेडावें, यज्ञांत दक्षिणा मिळवावी, एवढ्याच हेतूनें इ. स. १८५७ मध्यें तिकडे गेले, आणि बंडाच्या धामधुमींत सांपडून १८५८ मध्यें झांशीच्या वेढ्यांत अडकले. द्रव्य हातीं फारसें राहिलें नाहीं, पण आईवडिलांसाठीं गंगा मात्र त्यांनीं घरीं आणली. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं प्रसिद्ध झाला. गाडींतील लांबच्या दुपारींसाठीं तो बरोबर घ्यावा, व एकानें मोठ्यानें वाचावा.

गंगेवरून आठवलें. काशी प्रथम ठेवण्यांत एक अडचण आहे, ती प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. आजी तेथें गंगा भरून घेणारच, शेजारणींसाठींहि घेणार, आणि तीं सर्व भांडीं पुढें आग्रा व दिल्ली फिरून घरीं यावयाचीं. तीं कोणी उचलावयाचीं, हें निघण्यापूर्वींच घरांत ठरवून ठेवावें.