ऑनलाइन शिकवणीचे बोधचिन्ह : बाब छोटी, काम मोठे

परभणी जिल्ह्यातील आपले कारागीर आजवर आपला हुनर समोर बसवून शिकवीत आले. उस्तादाच्या दुकानात शागिर्द बसे आणि काही वर्षांत त्याचा हात बसे. आता जिंतूर, पाथरी, मानवत, गंगाखेड अशा गावांतूनही मोबाइलवर शिकवणे शक्य झाले आहे. ब्लाऊजची कटिंग, मेंदी, मोटार रिवाइंडिंग, मोबाइल दुरुस्ती हे सारे पडद्यावर शिकवता येते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांशी शेतकरी ऑनलाइन संवाद करू लागले, मग कारागिराने मागे का राहावे?

परंतु दुकानाला पाटी असते, शेजार असतो, चारचौघांची ग्वाही असते. ऑनलाइन वर्गाला यातले काहीच नसते. फी भरणाऱ्याने उस्तादाला पाहिलेलेही नसते. त्याला आधी दिसते ते मोबाइलच्या कोपऱ्यातील नखाएवढे चिन्ह. ते ध्यानात राहिले नाही, किंवा दुसऱ्याच्या चिन्हासारखे दिसले, तर मेहनत आपली आणि फी दुसऱ्याची असे होते. म्हणून बोधचिन्ह, म्हणजेच लोगो, या विषयाकडे आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी गांभीर्याने पाहावे असे आम्हाला वाटते.

चित्राने ओळखला जाणारा माल

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांचे ठाण निघे, तेव्हा त्यावर रंगीत चित्राचे लेबल चिकटवलेले असे. ज्याला अक्षर वाचता येत नसे तो गिऱ्हाईक चित्र पाहून माल मागे. विडीची पुडी आणि काडेपेटीही अशीच चित्रावरून विकली गेली.

१९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी खानदेशातील अमळनेर येथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. त्याचीच पुढे विप्रो झाली आणि ती तेला-तुपातून संगणकाच्या धंद्यात गेली. तिने १९९८ साली सप्तरंगी फुलाचे चिन्ह घेतले आणि २०१७ साली ते बदलून रंगीत ठिपक्यांचे चिन्ह आणले. एवढ्या मोठ्या कंपनीने जवळजवळ दोन दशके एकच चिन्ह वापरले. आपल्याकडे मात्र दर ईदला नवे चित्र लावण्याची हौस असते. चिन्ह वारंवार बदलले तर ओळख मुरत नाही.

कोल्हापूरचा धडा

२०१४ साली केंद्र सरकारने स्वच्छ भारत अभियानासाठी लोकांकडून बोधचिन्हे मागवली. त्यातून निवड झाली ती कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांच्या चिन्हाची. त्यांनी झाडू, कचरापेटी, रस्ता, माणसे यांची गर्दी केली नाही. फक्त गांधीजींचा चष्मा घेतला. एका काचेत ‘स्वच्छ’, दुसरीत ‘भारत’. पुढे हेच चिन्ह भिंतींवर, वाहनांवर आणि नोटेवरही आले.

यातून घेण्यासारखे एवढेच की वस्तू एक असावी, ती सर्वांच्या ओळखीची असावी आणि कामाशी तिचे नाते असावे. शिवणकामाच्या वर्गाला सुईतून गेलेला दोरा पुरेसा आहे. त्यात मशीन, कात्री, टेप आणि पुस्तक कोंबण्याची गरज नाही. कोणी चांद-तारा किंवा घुमट काढतात. त्यातून शिकवणाऱ्याचा धर्म कळतो, पण तो काय शिकवतो हे कळत नाही. शिकायला तर सर्व समाजाची मुले येणार आहेत.

दोन परीक्षा

चिन्ह तयार झाले की त्याची दोन ठिकाणी परीक्षा घ्यावी. पहिली मोबाइलवर. व्हॉट्सॲप आणि यूट्यूब चौकोनी चित्र गोलात दाखवतात, त्यामुळे चारही कोपरे जातात. कोपऱ्यात लिहिलेले नाव तेथे दिसणारच नाही. म्हणून महत्त्वाचे सारे मध्यभागी ठेवावे आणि हात लांब करून पाहिले तरी ओळखू येते का ते बघावे.

दुसरी परीक्षा रबरी शिक्क्याची. वर्ग संपल्यावर प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याची झेरॉक्स निघते, त्यावर शिक्का बसतो. तेथे रंग नसतो. जे चिन्ह एका शाईत ओळखू येत नाही ते अपुरे समजावे. पडद्यावर चमकणारा हिरवा रंग छपाईत मळका येतो, तेव्हा छापखान्यात एक नमुना आधी काढून घ्यावा.

अक्षरांचेही तसेच. मराठी फाँट जाड व मोकळा असावा. मुंबईच्या एक टाइप संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फाँट मोफत मिळतात आणि धंद्यातही वापरता येतात. उर्दू नाव हवे असेल तर नस्तालीकच्या बारीक रेषा लहान आकारात पुसट होतात. शिवाय मराठी डावीकडून आणि उर्दू उजवीकडून वाचली जाते. दोन्ही एका ओळीत न ठेवता एकाखाली एक ठेवावी.

हक्क लिहून घ्या

पैसे दिले म्हणजे चिन्ह आपले झाले असे अनेकांना वाटते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी असावे लागते. मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचेच धरले जाते. म्हणून डिझाइन करणाऱ्याकडून ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असा सहीचा कागद घ्यावा. सोबत कोरलड्रॉची किंवा एसव्हीजी स्वरूपाची मूळ फाइलही मागून घ्यावी. नुसत्या जेपीजी चित्राचा मोठा फलक केला की कडा फाटतात. कॅनव्हासारख्या ठिकाणचे तयार चित्र उचलले तर तेच दुसराही वापरू शकतो आणि त्यावर ट्रेडमार्क घेता येत नाही.

नोंदणी केलेली बरी

१९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली शिक्षण व प्रशिक्षण यांचा वर्ग ४१ आहे. व्यक्ती किंवा लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे वाढवता येते. अर्जापूर्वी सरकारी संकेतस्थळावर तसे चिन्ह आधीच कोणाचे आहे का, हे फुकट पाहता येते. ‘परभणी टेलरिंग क्लास’ अशा नुसत्या गाव आणि कामाच्या नावाला हक्क मिळणे कठीण असते. नोंदणी होईपर्यंत ‘टीएम’ लिहावे. गोलातला ‘आर’ नोंदणीनंतरच लावता येतो.

दुसऱ्याच्या नावाजवळ जाण्याचा मोहही टाळावा. हमदर्दच्या ‘रूह अफजा’ची तक्रार होती म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ साली ‘दिल अफजा’ नावाच्या सरबताला मनाई केली. एक शब्द बदलला म्हणजे सुटका होते असे नाही.

प्रमाणपत्र वजनदार दिसावे म्हणून काहीजण चार सिंहांची राजमुद्रा छापतात. २००५ च्या कायद्याने त्याला बंदी आहे. अशा कागदाने शिकणाऱ्या गरीब मुलाची फसवणूक होते आणि नोकरीच्या दारात मान त्याची खाली जाते.

चिन्ह कितीही सुबक असले तरी ते शिकवणीची उणीव झाकत नाही. ज्या वर्गातून शिकलेल्या मुलीला पहिली ऑर्डर मिळते, त्या वर्गाचे चिन्ह आपोआप मोठे होते. आमच्या बांधवांनी आधी हुनर पक्का करावा, मग त्याला साजेशी, स्वतःची आणि कायद्याने सुरक्षित अशी खूण द्यावी. उस्तादाचे नाव ही अमानत आहे आणि ती पुढच्या पिढीकडे सुस्थितीत पोचवणे हे आपले काम आहे.