किनाचा भाव आणि बोगनविलचं तांबं (पॅसिफिकचे कारभारी : भाग 7)

पापुआ न्यू गिनीत किना हे नवं चलन सुरू झालं 19 एप्रिल 1975 रोजी. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा अजून पाच महिने बाकी होते. एका किनाच्या नाण्याला मधोमध भोक होतं, शिंपल्यांच्या जुन्या पैशासारखं दोऱ्यात ओवता येईल असं. ऑस्ट्रेलियन डॉलरशी दर ठरला एकास एक आणि वर्षअखेरपर्यंत दोन्ही चलनं बाजारात एकत्र नांदली. हा बदल सांभाळणारे अर्थमंत्री ज्युलियस चॅन जेमतेम पस्तीस वर्षांचे होते.

न्यू आयर्लंडच्या टांगा बेटांवर 1939 साली जन्मलेल्या चॅन यांचे वडील चिनी व्यापारी, आई तिथलीच. शिक्षण ब्रिस्बेनला झालं. 1968 मध्ये नामाटनाईतून ते निवडून आले आणि 1972 मध्ये मायकेल सोमारे यांच्या आघाडी सरकारात अर्थखातं त्यांच्याकडे आलं.

त्याच वर्षी बोगनविल बेटावरच्या पांगुना खाणीतून तांबं निघू लागलं. देशाच्या निर्यातीतला जवळपास निम्मा पैसा पुढे या एकाच खाणीतून येणार होता. 1974 मध्ये सोमारे सरकारने खाणकंपनीशी झालेला करार नव्याने वाटाघाटी करून बदलून घेतला, सरकारचा वाटा वाढवला. शिवाय खाणीचं उत्पन्न थेट खर्चात न घालता एका स्थिरीकरण निधीत ठेवायचं आणि तिथून दरवर्षी बेताने काढायचं, अशी सोय केली. तांब्याचा भाव चढला तरी उधळपट्टी नको आणि पडला तरी शिक्षकांचे पगार थांबायला नकोत. पुष्कळ जुन्या, श्रीमंत देशांनाही ही शिस्त जमलेली नाही.

किना मुद्दाम चढा ठेवण्याचं धोरणही याच काळातलं. तांदूळ, डबाबंद मासे, इंधन असं बरंच काही बाहेरून येत असल्याने चढ्या किनामुळे महागाई आटोक्यात राहिली. मात्र कॉफी आणि खोबरं परदेशी विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती कमी किना पडत. त्या धोरणाची किंमत त्याने मोजली, हे विसरून चालणार नाही.

बोगनविल मात्र शांत नव्हतं. नद्या गाळाने भरल्या, जमिनी गेल्या आणि पैसा राजधानीकडे गेला. स्वातंत्र्याच्या पंधरवडाभर आधीच तिथल्या पुढाऱ्यांनी वेगळं प्रजासत्ताक जाहीर केलं होतं. ते प्रकरण तडजोडीने मिटलं, पण 1988 च्या अखेरीस बंड पेटलं आणि मे 1989 मध्ये खाण बंद पडली. ज्या उत्पन्नावर किनाची पत उभी होती, ते एकदम थांबलं.

चॅन 1980 ते 1982 या काळात पंतप्रधान होते; ऑगस्ट 1994 मध्ये ते पुन्हा त्या पदावर आले, तेव्हा परकीय गंगाजळी आटत चालली होती. आधीच्या सरकारात ते स्वतः उपपंतप्रधान असल्याने त्या खर्चाची जबाबदारी त्यांच्यावरही येते. त्यांनी आधी किनाचं अवमूल्यन केलं आणि ऑक्टोबरमध्ये तो बाजारावर सोडून दिला. त्यापूर्वी एक किना जवळजवळ एका अमेरिकन डॉलरला मिळे. आज त्याचे पाव डॉलरच्या आसपास येतात.

बोगनविलमध्ये त्यांनी प्रथम शस्त्रसंधी करून पाहिली. ती टिकली नाही. मग जानेवारी 1997 मध्ये त्यांच्या सरकारने सँडलाइन या खासगी कंपनीशी 3 कोटी 60 लाख अमेरिकन डॉलरचा करार केला: भाडोत्री सैनिक आणायचे, बंड मोडायचं आणि खाण परत मिळवायची. हिशेबी माणसाचा हा सर्वांत चुकलेला हिशेब. लष्करप्रमुख जेरी सिंगिरोक यांनी मार्चमध्ये भाडोत्रींना ताब्यात घेऊन चॅन यांचा राजीनामा मागितला. चॅन यांनी त्यांना बडतर्फ केलं, पण सैनिक आणि नागरिकांनी संसदेला वेढा घातला तेव्हा त्यांना बाजूला व्हावं लागलं. काही महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्यांची स्वतःची जागाही गेली.

दहा वर्षांनी, 2007 मध्ये, ते न्यू आयर्लंडचे गव्हर्नर म्हणून परतले आणि जानेवारी 2025 मध्ये निधन होईपर्यंत त्याच पदावर होते. या प्रांतात लिहीरची मोठी सोन्याची खाण आहे. आता चॅन प्रांताला स्वायत्तता आणि खाणीच्या उत्पन्नात मोठा वाटा मागत होते. पांगुनाच्या जमीनमालकांनी केलेली मागणी याहून फार वेगळी नव्हती.

पुढच्या आठवड्यात : चॅन अर्थमंत्री असताना अर्थखात्याचे सचिव असलेले आणि 1999 मध्ये पंतप्रधान झालेले मेकेरे मोराउता.