टोर्नेडोच्या मुलखात

उन्हाळ्यात भर दुपारी मैदानावर वावटळ उठलेली तुम्ही पाहिली असेल. धूळ, पालापाचोळा आणि कागदाचे कपटे गरगर फिरत वर जातात. उर्दूत तिला बगूला म्हणतात. लहान मुले तिच्यामागे धावतात. थोड्याच वेळात ती विरून जाते.

टोर्नेडोही असाच गरगर फिरतो, पण त्याच्यामागे कोणी धावत नाही. वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते. टोर्नेडो मात्र प्रचंड वादळी ढगाला जोडलेला असतो. लांबून पाहिले तर ढगाला सोंड फुटली आहे असे वाटते. सर्वांत भयंकर टोर्नेडोत वाऱ्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरपेक्षाही जास्त असतो. २०२० साली रायगड जिल्ह्यात ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले, ते येणार हे आधी कळले होते. टोर्नेडो एवढी सवड देत नाही. तो एक घर उडवून नेतो आणि पलीकडच्या गल्लीतले घर तसेच उभे राहते.

अमेरिकेत दरवर्षी सुमारे १२०० टोर्नेडो होतात. ओक्लाहोमा, कॅन्सस आणि टेक्सास या राज्यांतील सपाट प्रदेशात ते वारंवार येतात. वसंत ऋतूत मेक्सिकोच्या आखाताकडून उबदार, दमट हवा येते. तिच्यावर पश्चिमेकडची कोरडी हवा पसरते. त्यातच उंचावरचे वारे जोराने आणि वेगळ्या दिशेने वाहत असतील, तर उंच वाढलेला ढग स्वतःभोवती फिरू लागतो.

आता समजा, तुमच्या अब्बांना ओक्लाहोमा सिटी या शहरात नोकरी मिळाली आणि तुम्ही सारे तिथे राहायला गेलात. पहिल्याच शनिवारी दुपारी बारा वाजता शहरभर भोंगे वाजू लागतात. तुमची अम्मी घाबरून सर्वांना आत बोलावते. पण समोरचा शेजारी शांतपणे गवत कापत असतो! भोंगे नीट चालतात की नाही, हे तिथे दर शनिवारी बारा वाजता तपासतात.

नव्या माणसाने पहिल्यांदा शिकायचे ते दोन शब्द : ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’. ‘वॉच’ म्हणजे आज टोर्नेडो होण्यासारखी हवा आहे. बातम्या ऐकत राहा. ‘वॉर्निंग’ म्हणजे टोर्नेडो दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण मिळाली आहे, ताबडतोब लपा. हातात मोजकी मिनिटे असतात. खिडकीतून पाहत बसायला वेळ नसतो.

लपायचे कुठे? तिथली बरीच घरे लाकडी सांगाड्याची असतात. चिकणमातीमुळे तळघरेही फारशी नसतात. म्हणून पुष्कळ लोक मोटार ठेवण्याच्या खोलीत जमिनीखाली पोलादी पेटी बसवून घेतात. तसे काही नसेल, तर सर्वांत खालच्या मजल्यावर, घराच्या मधोमध, खिडकी नसलेल्या लहान खोलीत बसतात. बहुधा ते न्हाणीघरच असते! पायांत बूट घालतात, कारण नंतर सगळीकडे काचा आणि खिळे पडलेले असतात. डोक्यावर हेल्मेट घालतात किंवा गादी ओढून घेतात.

खिडक्या उघडल्या तर घर वाचते, असे पूर्वी सांगत. ते खोटे आहे. पुलाखाली थांबणे सुरक्षित असते, हाही गैरसमजच आहे. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात पुलांखाली आसरा घेतलेल्यांपैकी तिघे मृत्युमुखी पडले.

एकेकाळी तर टोर्नेडोचा अंदाज देतच नसत. लोक उगाच घाबरतील, असे अधिकाऱ्यांना वाटे. मार्च १९४८ मध्ये ओक्लाहोमा सिटीजवळच्या हवाई दलाच्या तळाला टोर्नेडोने झोडपले. पाचच दिवसांनी तशीच हवा जमून आल्याचे तिथल्या दोन अधिकाऱ्यांनी ओळखले आणि धीर करून इशारा दिला. संध्याकाळी खरोखरच टोर्नेडो आला!

तरीही इशारा पुरेसा नसतो. २० मे २०१३ रोजी मूर या शेजारच्या शहरावर टोर्नेडो आला. तो जमिनीला टेकण्याच्या १६ मिनिटे आधी ‘वॉर्निंग’ दिलेली होती. पण एका प्राथमिक शाळेत लपण्यासाठी भक्कम जागाच नव्हती. तिथे ७ मुले दगावली. ती शाळा पुन्हा बांधली, तेव्हा तिच्यात तशी जागा केली गेली.

पहिल्या वर्षी तुम्ही प्रत्येक काळ्या ढगाला भ्याल. दुसऱ्या वर्षी कदाचित उलटेच होईल. चार वेळा ‘वॉर्निंग’ मिळते आणि तुमच्या गल्लीत काहीच घडत नाही. पाचव्या वेळी जेवण सोडून उठायचा कंटाळा येतो. माझ्या मते, भीतीपेक्षा हा कंटाळाच जास्त घातक आहे.

त्या शनिवारच्या भोंग्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगायची राहिली. वादळाची शक्यता असेल, त्या शनिवारी भोंगे तपासत नाहीत. म्हणून शनिवार असो, बारा वाजलेले असोत, पण आकाश काळवंडले असेल आणि भोंगा वाजला, तर गवत कापणारा शेजारीसुद्धा यंत्र तिथेच टाकून घरात धावतो.