मलवाहिनीतील औद्योगिक विसर्गाचे नियंत्रण

कारखान्यातील सांडपाणी नगराच्या सार्वजनिक मलवाहिनीत सोडताना त्यातील पदार्थांचा प्रकार, संहती, एकूण राशी, तापमान आणि प्रवाहाचा वेग यांवर कायद्याने घातलेल्या मर्यादांना औद्योगिक विसर्गाचे नियंत्रण असे म्हणतात. मलवाहिनी सांडपाणी केवळ वाहून नेते. त्यातील द्रव्ये ती नष्ट करीत नाही. तिच्या शेवटी असलेले संस्करण केंद्र मुख्यतः घरगुती वाहितमलासाठी रचलेले असते व तेथील काम सूक्ष्मजंतूंकरवी होते [⟶ वाहितमल संस्करण]. सूक्ष्मजंतू ज्याचे अपघटन करू शकतात, ते केंद्राने स्वीकारावे आणि ज्याचे करू शकत नाहीत, ते कारखान्यातच अडवावे, हे या सर्व नियमांचे मूलतत्त्व होय.

नियंत्रणाची गरज : अनिर्बंध विसर्गाचे दुष्परिणाम चार ठिकाणी दिसून येतात. पहिले ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष वाहिनी. अम्लयुक्त पाण्याने काँक्रीट व सिमेंटचे सांधे झिजतात. ग्रीज, तंतू, केस व चुन्याचा गाळ यांनी वाहिनी तुंबते. सांडपाण्यात सल्फेटे अधिक असल्यास वाहिनीच्या आतील बुळबुळीत थरातील जंतू ऑक्सिजनाच्या अभावी त्यांचे हायड्रोजन सल्फाइड बनवितात. हा वायू वाहिनीच्या ओलसर माथ्यावर पोहोचला की दुसऱ्या प्रकारचे जंतू त्यापासून सल्फ्युरिक अम्ल तयार करतात आणि माथा वरून पोखरला जातो. उष्ण पाण्याने ही क्रिया आणखी जलद होते.

दुसरे ठिकाण मलवाहिनीत उतरणाऱ्या कामगाराचे. सल्फाइडयुक्त व अम्लयुक्त सांडपाणी एकत्र आल्यास हायड्रोजन सल्फाइड, तर सायनाइडयुक्त पाण्यात अम्ल मिसळल्यास हायड्रोजन सायनाइड मुक्त होते. दोन्ही वायू अल्प वेळात प्राणघातक ठरतात. प्रत्येक कारखान्याचे पाणी स्वतंत्रपणे निर्धोक वाटले, तरी त्यांचा संगम घातक असू शकतो. भारतात २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणसाकडून मलवाहिनीची सफाई करून घेण्यास बंदी घातली. तरीही असे मृत्यू थांबलेले नाहीत. वाहिनीत काय सोडले जाते यावरील नियंत्रण हा म्हणूनच कामगाराच्या जीवितरक्षणाचाही प्रश्न आहे.

तिसरे ठिकाण संस्करण केंद्राचे. जड धातू, सायनाइडे, फिनॉले इत्यादींच्या आकस्मिक लोंढ्याने तेथील सूक्ष्मजंतू मरतात. अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करणारे जंतू सावकाश वाढत असल्याने एकदा नष्ट झाल्यावर त्यांची संख्या पूर्ववत होण्यास बराच काळ लागतो. चौथे ठिकाण म्हणजे केंद्रातून बाहेर पडणारे पाणी व गाळ. धातूंचे अपघटन होत नाही. ते पाण्यातून गाळात जातात किंवा नदीत उतरतात. असा गाळ खत म्हणून शेतात टाकल्यास धातू मातीत साचत जातात.

दुर्घटना : नियंत्रण सुटल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील लुइव्हिल नगर होय. तेथे १९७७ मध्ये विषारी क्लोरिनयुक्त रसायने मलवाहिनीत बेकायदा ओतली गेल्याने संस्करण केंद्र बंद ठेवावे लागले आणि असंस्कारित वाहितमल ओहायओ नदीत सोडले गेले. १३ फेब्रुवारी १९८१ रोजी पहाटे त्याच नगरात सोयाबीन तेलाच्या कारखान्यातून मलवाहिनीत गेलेल्या हेक्झेनाच्या बाष्पाचा स्फोट होऊन सु. ३ किमी. लांबीचे रस्ते उखडले गेले. मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे २२ एप्रिल १९९२ रोजी गळक्या नळातून मलवाहिनीत शिरलेल्या पेट्रोलाच्या स्फोटांत दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गुजरातमध्ये सुरतजवळील सचिन औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ रोजी टँकरमधील रसायन नाल्यात ओतले जात असताना विषारी वायू सुटून सहा कामगार मरण पावले. टँकरने आणलेले द्रव ठरवून दिलेल्या जागेखेरीज अन्यत्र ओतण्यास नियमांनी बंदी का असते, हे यावरून स्पष्ट होते.

इतिहास : आरंभीचे नियम वाहिनीच्या संरक्षणापुरतेच होते. इंग्लंडमधील १८९० च्या सार्वजनिक आरोग्य दुरुस्ती कायद्याने वाहिनीला इजा करणारे रासायनिक टाकाऊ द्रव्य, वाफ तसेच ११०° फॅ. (सु. ४३° से.) पेक्षा उष्ण द्रव हे सोडण्यास मनाई केली. १९३७ च्या कायद्याने कारखान्याचे पाणी मलवाहिनीत घेण्याची पद्धत सूचना व संमती यांवर आधारली. अमेरिकेत १९७२ च्या जलप्रदूषण नियंत्रण कायद्यानुसार पूर्वसंस्करणाचे सर्वसाधारण विनियम १९७८ मध्ये निघाले. स्फोटक वा ज्वलनशील द्रव्ये (ज्वलनांक ६०° से.पेक्षा कमी असलेली), ५ पेक्षा कमी पीएच मूल्याचे संक्षारक द्रव, वाहिनी तुंबविणारे पदार्थ आणि केंद्रापाशी पाण्याचे तापमान ४०° से.च्या वर नेणारी उष्णता यांना तेथे प्रतिबंध आहे. त्याखेरीज प्रत्येक उद्योगप्रकारासाठी राष्ट्रीय मर्यादा व नगराने ठरविलेल्या स्थानिक मर्यादा अशी तिहेरी रचना आहे. यूरोपीय संघाने १९९१ च्या नागरी सांडपाणी निर्देशात अशीच पूर्वसंस्करणाची अट घातली. त्या निर्देशाची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये संमत झाली.

मर्यादा ठरविण्याची तत्त्वे : भारतात पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांच्या सहाव्या अनुसूचीत १९९३ मध्ये सर्वसाधारण मानके समाविष्ट झाली. अंतर्देशीय पृष्ठजल (नद्या, तलाव इ.) आणि सार्वजनिक मलवाहिनी यांसाठींच्या काही मर्यादा पुढील कोष्टकात दिल्या आहेत.

कोष्टक : विसर्गाच्या काही मर्यादा (मिग्रॅ./लि.)

| घटक | पृष्ठजल | मलवाहिनी |
|---|---|---|
| निलंबित घन पदार्थ | १०० | ६०० |
| जीवरासायनिक ऑक्सिजन मागणी | ३० | ३५० |
| तेल व ग्रीज | १० | २० |
| फिनॉली संयुगे | १ | ५ |
| सायनाइडे | ०·२ | २ |
| शिसे | ०·१ | १ |
| षट्संयुजी क्रोमियम | ०·१ | २ |
| एकूण क्रोमियम | २ | २ |
| निकेल | ३ | ३ |
| आर्सेनिक | ०·२ | ०·२ |
| पारा | ०·०१ | ०·०१ |
| कॅडमियम | २ | १ |

कोष्टकाचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. जैव पदार्थांचा भार दर्शविणारी ऑक्सिजन मागणी आणि निलंबित घन पदार्थ यांबाबत मलवाहिनीला मोठी सवलत आहे, कारण ते काढून टाकणे हेच संस्करण केंद्राचे काम होय. पारा, आर्सेनिक, निकेल व एकूण क्रोमियम यांना मात्र मलवाहिनीत तीळमात्र सवलत नाही. कॅडमियमाची मर्यादा तर नदीपेक्षा कडक आहे. षट्संयुजी क्रोमियमाचे केंद्रात क्षपण होऊन ते कमी विषारी त्रिसंयुजी रूपात गाळात बसते. म्हणजे येथील सवलतीने धातू नाहीसा होत नाही, केवळ त्याची जागा बदलते.

मलवाहिनीच्या शेवटी केंद्र आहे व ते नीट चालू आहे, या गृहीतावर ही सवलत आधारलेली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०–२१ च्या आढाव्यानुसार देशाच्या नागरी भागांत रोज सु. ७२,४०० दशलक्ष लि. वाहितमल निर्माण होत होते आणि त्यांपैकी सु. २०,२०० दशलक्ष लि., म्हणजे सु. २८ टक्केच प्रत्यक्षात संस्कारित होत होते. जेथे वाहिनी असंस्कारित अवस्थेतच नदीला मिळते, तेथे ३५० मिग्रॅ.ची सवलत म्हणजे नदीलाच दिलेला भार ठरतो.

संहती व एकूण राशी : केवळ संहतीची मर्यादा पुरेशी नसते. समजा, विद्युत् विलेपनाच्या एका कारखान्यातून रोज ५० घ. मी. पाणी निघते व त्यात क्रोमियम २० मिग्रॅ./लि. आहे, म्हणजे रोज १ किग्रॅ. क्रोमियम बाहेर पडते. त्यात ४५० घ. मी. स्वच्छ पाणी मिसळल्यास संहती २ मिग्रॅ./लि. होऊन नियम पाळल्याचा देखावा निर्माण होतो. केंद्राकडे मात्र पूर्वीइतकेच, म्हणजे वर्षाकाठी ३६५ किग्रॅ. क्रोमियम जाते आणि पाणी वाया जाते ते वेगळेच. म्हणून संमतिपत्रात दैनिक राशी व प्रवाहाची मर्यादा घालणे आणि विरलीकरणास मनाई करणे आवश्यक असते.

विघटनशील भाराचेही असेच आहे. मळीपासून मद्यार्क बनविणाऱ्या आसवनीच्या सांडपाण्याची ऑक्सिजन मागणी ४५,००० मिग्रॅ./लि.च्या आसपास असते. माणशी रोज ४५ ग्रॅ. भार धरल्यास अशा १ घ. मी. पाण्याचा भार एक हजार माणसांच्या वाहितमलाइतका होतो. महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यातील लहान नगराच्या केंद्राला तो पेलणारा नाही.

पूर्वसंस्करण : मर्यादा पाळण्यासाठी कारखान्यातच करावयाच्या प्रक्रियांना पूर्वसंस्करण म्हणतात. कमीजास्त प्रवाह व संहती एकसारखी करण्यासाठी समीकरण टाकी, अम्ल वा क्षारकाचे उदासिनीकरण, तेलाचे विलगीकरण, सायनाइडांचे क्षारकीय माध्यमात क्लोरिनाने ऑक्सिडीभवन, षट्संयुजी क्रोमियमाचे क्षपण करून चुन्याने अवक्षेपण या नेहमीच्या प्रक्रिया होत. निरनिराळ्या विभागांचे पाणी एकत्र होण्यापूर्वी वेगळे ठेवणे अधिक स्वस्त व परिणामकारक ठरते. लहान कारखान्यांसाठी औद्योगिक वसाहतींत सामायिक संस्करण केंद्रे उभारतात. त्यांत येणाऱ्या पाण्यालाही मर्यादा असतात.

आकारणी : केंद्र ज्या भाराचे संस्करण करते, त्याचा खर्च तो भार निर्माण करणाऱ्याकडून घेणे न्याय्य होय. इंग्लंडमध्ये लंडनजवळील मॉग्डेन केंद्राच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र यासाठी वापरतात. त्यात पाणी वाहून नेणे व प्राथमिक संस्करण यांचा खर्च घनफळानुसार आकारतात. जैव संस्करणाचा व गाळावरील प्रक्रियेचा खर्च अनुक्रमे त्या पाण्याची ऑक्सिजन मागणी व त्यातील घन पदार्थ हे सरासरी वाहितमलाच्या किती पट आहेत, त्यावरून ठरतो. मात्र शुल्क भरल्याने विषारी द्रव्य सोडण्याचा हक्क प्राप्त होत नाही.

भारतातील कायदे : महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला व १९७० मध्ये राज्य मंडळ स्थापन केले. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये झाला. महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. १९८८ च्या दुरुस्तीने मलवाहिनीतील विसर्गालाही मंडळाची पूर्वसंमती आवश्यक झाली आणि कारखाना बंद करण्याचा वा त्याचा वीज-पाणीपुरवठा तोडण्याचा आदेश देण्याचा अधिकार मंडळास मिळाला. २०२४ च्या दुरुस्तीने अनेक अपराधांसाठी कारावासाऐवजी आर्थिक दंडाची तरतूद केली. ती प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेश यांना लागू झाली.

कानपूरचा अनुभव : कानपूरच्या जाजमऊ भागातील चर्मोद्योगांनी प्राथमिक संस्करण केल्याखेरीज पाणी सोडू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर १९८७ रोजी दिला. पुढे गंगा कृती योजनेत नेदर्लंड्सच्या साहाय्याने तेथे रोज ३६ दशलक्ष लि. क्षमतेचे केंद्र बांधण्यात आले. त्यात चर्मोद्योगांचे ९ दशलक्ष लि. पाणी २७ दशलक्ष लि. घरगुती वाहितमलात मिसळावयाचे होते. क्रोमियमाने कातडी कमावताना सु. ६० ते ७० टक्के क्रोमियमच कातड्यात शोषले जाते. उरलेले द्रवात राहते. ते कारखान्यातच अवक्षेपित करून पुन्हा वापरणे शक्य आहे, परंतु ते पूर्णपणे अडविले गेले नाही. केंद्राच्या पाण्यावर सिंचन झालेल्या परिसरातील मातीत व भूजलात क्रोमियम आढळून आले. तिपटीने घरगुती वाहितमल मिसळूनही धातूचा प्रश्न सुटला नाही. तो नदीकडून शेतकऱ्याकडे वळला.

अंमलबजावणी : नियमांचे यश नमुना घेण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. कारखान्याच्या हद्दीवर सहज उघडता येणारा तपासणी-कक्ष असावा. क्षणिक नमुन्याने रात्री सोडलेला लोंढा उघडकीस येत नाही. त्यासाठी चोवीस तासांत प्रवाहाच्या प्रमाणात घेतलेला संमिश्र नमुना आवश्यक असतो. केंद्रातील गाळाचे नियमित विश्लेषण हीही विश्वसनीय कसोटी होय. कारण कारखान्यांच्या नोंदी काहीही सांगोत, वाहिनीतून आलेले बरेचसे धातू अखेर गाळात साठतात. तेथे एखाद्या धातूचे प्रमाण वाढलेले आढळल्यास वाहिनीच्या शाखांतून मागे मागे नमुने घेत उगमापर्यंत पोहोचता येते.