पाळलेला साप आणि रानातले कासव
(सरपटणाऱ्यांच्या जगात : भाग ६)

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंतची पाइनची राने, शेते आणि धान्याची कोठारे हे त्याचे घर. उंदीर हे त्याचे मुख्य अन्न. त्याच पट्ट्यातल्या पानझडी रानांत बॉक्स टर्टल हे जमिनीवर राहणारे, वीतभरही नसलेले घुमटाकार पाठीचे कासव सापडते. या दोन्ही प्राण्यांना माणसाने घरी आणले आहे. साप पाळणारा विक्षिप्त ठरतो, कासव पाळणारा मात्र प्राणिप्रेमी समजला जातो. दोघांचे आयुर्मान आणि प्रजननाचा वेग पाहिला, तर हा न्याय उलटा करावा लागतो.

कॉर्न स्नेकची मादी दोन ते तीन वर्षांत वयात येते आणि एका खेपेस साधारण दहा ते तीस अंडी घालते. योग्य ऊब मिळाली की सुमारे दोन महिन्यांत पिल्ले बाहेर येतात. कैदेत याची वीण इतकी सहज होते की बाजाराची गरज भागवण्यासाठी रानातले साप पकडावे लागत नाहीत. जॉर्जिया राज्यातले त्वचारोगतज्ज्ञ बर्नार्ड बेक्टेल यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला काळे रंगद्रव्य नसलेल्या कॉर्न स्नेकची कैदेत वीण करून हा रंग अप्रभावी जनुकामुळे येतो, हे दाखवून दिले. तेव्हापासून हौशी पालकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत शेकडो रंगछटा तयार केल्या आहेत. आज विकत मिळणारी लालभडक किंवा फिकट गुलाबी पिल्ले याच बंदिस्त वंशावळीतली असतात.

साप पाळण्याला खर्च फारसा येत नाही, पण शिस्त लागते. काचेच्या पेटीचे झाकण घट्ट हवे, कारण डोके शिरेल एवढ्या फटीतून सारे शरीर बाहेर पडते. पेटीची एक बाजू तीस अंशांच्या आसपास उबदार आणि दुसरी थंड ठेवावी लागते. शरीराचे तापमान साप स्वतः जागा बदलून सांभाळतो. दोन्ही बाजूंना लपायला आडोसा हवा. मोठ्या सापाला आठ-दहा दिवसांतून एकदा, गोठवून साठवलेला आणि पुन्हा कोमट केलेला उंदीर पुरतो. कात टाकायच्या आधी डोळ्यांवर निळसर दुधी साय येते. या दिवसांत सापाला नीट दिसत नाही आणि तो चिडका होतो, म्हणून त्याला हात लावायचा नसतो. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर काही दिवसांनी साप नाक दगडावर घासत मोज्यासारखी उलटी होत जाणारी कात मागे टाकतो. जाणकार पालक ती कात उजेडात धरून दोन्ही डोळ्यांवरच्या पारदर्शक चकत्या सुटून आल्या आहेत की नाहीत, हे पाहतो. एखादी डोळ्यावरच राहिली असेल, तर पेटीतली हवा फार कोरडी आहे असे समजायचे.

साप पाळण्यावरचे आक्षेप सगळेच खोटे नाहीत. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत बर्मी अजगर आले ते पाळीव प्राण्यांच्या व्यापारातूनच. काही मालकांनी सोडून दिले, काही निसटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अजगर सर्वाधिक काळ वस्तीला असलेल्या भागात रकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने वन्यजीवांच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या लेसी कायद्याखाली बर्मी अजगरासह चार मोठ्या जातींची आयात आणि राज्याराज्यांतली वाहतूक बंद केली. २०१५ साली जाळीदार अजगर आणि आणखी तीन अ‍ॅनाकोंडांची भर पडली. साप पाळणाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली. २०१७ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की मुख्य भूमीवरच्या ४९ राज्यांमधल्या आपापसातल्या वाहतुकीवर बंदी घालण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला दिलेला नाही.

पालकांच्या बाजूने इथे एक रास्त मुद्दा आहे: धोका जातीप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलतो. फ्लोरिडाच्या उष्ण दलदलीत टिकणारा अजगर मिशिगनच्या हिवाळ्यात टिकणार नाही. उलट हवाई बेटांवर सगळेच पाळीव साप बेकायदा आहेत, आणि ते योग्यच आहे. तिथल्या पक्ष्यांना सापांपासून जीव वाचवण्याची सवयच नाही. ग्वाम बेटावर मालवाहतुकीतून शिरलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने तिथले बहुतेक देशी रानपक्षी संपवले, हे जगाने पाहिले आहे. मात्र पंधरा-वीस फुटी अजगर हा घरात ठेवण्याचा प्राणी नव्हे, हे पालकांच्या संघटनांनीही मोकळेपणाने सांगायला हवे.

दुसरा आक्षेप उगमाचा. घराघरांत पोचलेला बॉल पायथन हा लाजाळू, चेंडूसारखी गुंडाळी करून बसणारा अजगर मूळचा आफ्रिकेतला. घाना, टोगो आणि बेनिनमधून त्याची निर्यात वर्षानुवर्षे चालत आली आहे. तिथे गाभण माद्या रानातून पकडून त्यांची अंडी उबवतात आणि पिल्ले परदेशी पाठवतात. कैदेतल्या मातापित्यांची पिल्ले सहज मिळत असताना असा साप घेण्याचे कारण उरत नाही. शिवाय हा साप फार जगतो. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या बॉल पायथन मादीने २०२० साली, साठी उलटल्यावर, अंडी घातली. विकत घेणाऱ्याने आपल्या वयाचाही हिशेब मांडावा.

बॉक्स टर्टलचे गणित अगदी वेगळे आहे. त्याच्या पोटाकडच्या कवचाला आडवी बिजागरी असते. धोका वाटला की डोके, पाय आणि शेपूट आत ओढून ते दोन्ही बाजू अशा मिटते की गवताची काडीही आत जात नाही. पूर्ण वाढलेल्या कासवाला या कवचामुळे रानात फारसे शत्रू नसतात, आणि पन्नास वर्षे जगणे ही त्याच्यासाठी सामान्य गोष्ट आहे. मात्र मादी वयात यायलाच सात ते दहा वर्षे लागतात. एका खेपेस अंडी चार-पाचच असतात. त्यांतली बहुतेक रकून आणि कोल्हे उकरून खातात. जगलेल्या पिल्लांपैकीही फार थोडी मोठी होतात. जातीचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर असतो: एकदा मोठी झालेली मादी दशकानुदशके अंडी घालत राहिली पाहिजे.

मेरीलँडमधल्या पटक्सेंट संशोधन केंद्रात ल्युसिल स्टिकेल यांनी १९४०च्या दशकात या कासवांचा अभ्यास सुरू केला. कासवाच्या पाठीवर दोऱ्याचे रीळ बसवायचे, दोऱ्याचे टोक झुडपाला बांधायचे आणि दुसऱ्या दिवशी उलगडलेल्या दोऱ्यामागे चालत जायचे, अशी त्यांची साधी पद्धत होती. त्या दोऱ्यांवरून कळले की प्रौढ कासव दोन-अडीचशे मीटरच्या टापूतच जन्म काढते. त्यातले ओहोळ, बोरीची झुडपे, कुजके ओंडके त्याला पाठ असतात. तीन दशकांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा त्या राखीव रानातही त्यांची संख्या सुमारे निम्म्यावर आली होती.

जस्टिन काँग्डन आणि सहकाऱ्यांनी मिशिगनमधल्या कासवांवर दीर्घकाळ काम करून कासवांची घट का भरून निघत नाही, हे आकड्यांत मांडले. स्नॅपिंग टर्टल या बऱ्याच अधिक अंडी घालणाऱ्या जातीतही प्रौढांच्या वार्षिक मृत्यूत दहा टक्क्यांची भर पडली, तर वीस वर्षांच्या आत प्रौढांची संख्या निम्मी होते, असे त्यांच्या १९९४च्या निबंधात आहे. रानातून उचललेले कासव मेलेल्या कासवाइतकेच वजा होते, मग ते एखाद्याच्या अंगणात कितीही लाडात राहो. उंदीर, ससे किंवा बरेचसे साप अशी तूट पुढच्या एक-दोन हंगामांत भरून काढतात. कासवाला ते जमत नाही.

तरीही कासवे उचलली जातात. बॉक्स टर्टलची परदेशी निर्यात इतकी वाढली होती की १९९५पासून हा जवळजवळ सगळा गट वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तस्कर जिवंत कासवे मोज्यांत कोंबून, चिकटपट्टीने आवळून टपालाने पाठवतात. फ्लोरिडाने २००९ साली गोड्या पाण्यातल्या रानटी कासवांची व्यापारी धरपकड बंद केली; इतर अनेक राज्यांतही रानातून बॉक्स टर्टल घरी नेणे गुन्हा आहे. चार इंचांपेक्षा लहान कासवे विकायला १९७५पासून देशभर बंदी आहे, पण ती साल्मोनेलाच्या भीतीने: मुले इवली कासवे तोंडात घालत. हा जिवाणू सापांच्या अंगावरही असतो, म्हणून दोन्ही प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुणे अनिवार्य आहे.

भारतात कायद्याची रेघ अधिक स्पष्ट आहे. नाग, धामण, अजगर हे इथले साप पकडून पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या सायटिसमधल्या विदेशी जाती बाळगणाऱ्यांना २०२४च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. भाग्यवर्धक म्हणून विकले जाणारे स्टार कासव २०१९पासून सायटिसच्या पहिल्या परिशिष्टात आणि आता आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते जवळ बाळगल्यास किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते. मुंबई-पुण्याच्या दुकानांत मिळणारे, कानाजवळ लाल पट्टा असलेले रेड इअर्ड स्लायडर मात्र मूळचे अमेरिकेचे. ते मोठे झाले की लोक तळ्यात सोडतात, आणि तिथल्या देशी कासवांच्या अन्नात वाटेकरी तयार होतो. ते कंटाळा आला म्हणून तळ्यात, विहिरीत वा नदीत सोडू नये. प्राणी बचाव केंद्राकडे द्यावे.

न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनियातल्या मराठी घरांच्या परसात मे-जूनमध्ये बॉक्स टर्टल दिसणे नवलाचे नाही. त्या दिवसांत माद्या अंडी घालायला जागा शोधत रस्ते ओलांडतात. असे कासव दिसले तर वाहतूक पाहून, दोन्ही हातांनी उचलून, ज्या दिशेला त्याचे तोंड होते त्याच बाजूला रस्त्यापलीकडे ठेवावे. लांबच्या ‘सुरक्षित’ रानात नेऊन सोडू नये, कारण जुना टापू शोधत ते पुन्हा रस्त्यावर येते. आणि मुलाला सरपटणारा प्राणी हवाच असेल, तर नोंदणीकृत पैदासकाराकडून कैदेत जन्मलेला कॉर्न स्नेक घ्यावा.