उन्हाच्या गावात उपाशी घड्याळं

ठाण्याच्या माजिवड्यात मे महिन्याच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांआड. अशा गावात उन्हावर चालणारं डिजिटल घड्याळ उजेडावाचून बंद पडावं, हे ऐकायलाच विचित्र वाटतं. तरीही पडतं. या घड्याळाच्या पन्नासेक वर्षांतल्या दुखण्यांचा माग काढला की कारण सापडतं. वर्षागणिक घड्याळाला कमी उजेड पुरू लागला आणि त्याच काळात आपण उजेडातून उठून आत जाऊन बसलो.

सुरुवात अमेरिकेत झाली. रॉजर रील या संशोधकाचं ‘सिंक्रोनार’ १९७०च्या दशकात बाजारात आलं. आकडे लाल दिव्यांचे, त्यामुळे वीज खाणारे. बटण दाबलं तरच वेळ दिसायची. १९७३ साली सेकोने सहा आकड्यांचं एलसीडी घड्याळ आणलं. आकडे दिवसभर दिसू लागले आणि विजेचा खर्च जवळजवळ काहीच राहिला नाही. सौर घड्याळाला खरा आधार मिळाला तो इथे.

तेव्हा आपल्याकडे मनगटावर असायची ती एचएमटी, सकाळी चावी देऊन चालवायची. डिजिटल घड्याळ आखातातून आलेल्या नातलगाच्या बॅगेतून यायचं, नाहीतर मुंबईत मुसाफिरखाना किंवा मनीष मार्केटला जाऊन आणायचं. त्यातल्या स्वस्त मालावर काचेखाली जांभळट पट्टी असे. काहींत ती सौरपट्टी खरी, काहींत निव्वळ शोभेची. त्यामुळे पहिलं निदान पट्टी खरी की छापील हेच.

पट्टी खरी असली तरी दुसरं दुखणं होतंच: साठवण. जुन्या सौर घड्याळांपैकी काहींत वीज कपॅसिटरमध्ये साठे. ती फार दिवस टिकत नसे, आणि काही वर्षांनी कपॅसिटरच थके. पुढे पुन्हा भरता येणारे लिथियमचे सेल आले. १९९५च्या सुमारास सिटिझनने ‘इको-ड्राइव्ह’ आणलं, १९९८ साली कॅसिओचं पहिलं सौर जी-शॉक आलं. २००१ साली भारताने आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठवले आणि असा माल उघडपणे दुकानांत मांडला जाऊ लागला. टायटननेही २०११ साली उजेडावर चालणाऱ्या काट्यांच्या घड्याळांची मालिका काढली. २०१६च्या जानेवारीत एचएमटीचा घड्याळ-विभाग बंद करण्याचा निर्णय झाला.

याच वर्षांत माजिवडा बदलला. गावठाणाभोवती, घोडबंदर रस्त्याच्या तोंडाशी टॉवर उठले. २०१३ साली विवियाना मॉल उघडला. रेमंडच्या गिरणीच्या जागेवर इमारती आल्या. दिवसाचा आराखडाही बदलला: तळघरातलं पार्किंग, काळ्या काचांची गाडी, ऑफिसातली ट्यूबलाइट, वर पूर्ण बाहीचा शर्ट. कॅसिओच्या अनेक माहितीपुस्तिकांत एका दिवसाच्या खर्चापुरता उजेड किती हवा याचा तक्ता असतो. उघड्यावरच्या उन्हात ५ मिनिटं, खिडकीतून येणाऱ्या उन्हात २४ मिनिटं, ढगाळ दिवशी खिडकीशी ४८ मिनिटं आणि ट्यूबलाइटखाली तब्बल ८ तास. तेही डायल उघडी असेल तर. बाहीखालच्या घड्याळाला ऑफिसचे आठ तास असून नसल्यासारखे. त्यात पावसाळ्याचे चार महिने धरले की हिशेब जुळतच नाही.

म्हणून आजच्या तक्रारींतल्या बऱ्याचशा बिघाडाच्या नसतातच. रात्री कपाटात ठेवलेल्या घड्याळाचे आकडे सकाळी गायब दिसतात. ती वीज वाचवणारी झोप असते; उजेड दाखवला किंवा बटण दाबलं की आकडे परततात. आठवडाभर अंधारात राहिलं तर झोप आणखी गाढ होते. दिवा आणि बीप सारखे वापरले की घड्याळ थोडा वेळ दोन्ही बंद करून सावरतं. ‘चार्ज’ची खूण लुकलुकली तर ते खरोखर रिकामं आहे. मग एका दुपारच्या उन्हाने काम भागत नाही, काही दिवस रोज ऊन द्यावं लागतं. मात्र गाडीच्या डॅशबोर्डवर नको. तिथल्या उष्णतेने आकड्यांचा पडदा काळवंडतो. गार झाल्यावर तो सुधारतो, सेलचं आयुष्य मात्र घटतं.

आणखी एक तक्रार रेडिओवर वेळ जुळवणाऱ्या घड्याळांची: रात्रभर खिडकीत ठेवूनही संदेश मिळत नाही. मिळणार कुठून? ही घड्याळं जपान, चीन, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या केंद्रांचे संदेश ऐकतात. भारतात तसं केंद्र नाही. शहर दिल्ली निवडायचं, जागतिक वेळेशी साडेपाच तासांचा फरक तपासायचा आणि वेळ हाताने लावायची.

एवढं करूनही आकडे उठले नाहीत, तरच मागचं झाकण उघडायचं. इथे मात्र खरा धोका आहे. कॅसिओच्या बऱ्याच सौर घड्याळांत सीटीएल १६१६ हा पुन्हा भरता येणारा सेल असतो. त्याच मापाचा सीआर १६१६ कुठेही मिळतो आणि आत नेमका बसतोही, पण तो भरण्यासाठी बनवलेलाच नाही. सौरपट्टी त्याला भरत राहते, तो फुगतो किंवा गळतो आणि सर्किट खातो. म्हणून घड्याळवाल्याकडून सेलवरची अक्षरं वाचून घ्यावीत. सेल बदलल्यावर आत ‘एसी’ लिहिलेला बिंदू आणि सेलची वरची बाजू चिमट्याने क्षणभर जोडून रिसेट द्यावा लागतो. ते राहिलं तर नवा सेलही मेलेला वाटतो. शिवाय रबराची रिंग नीट बसली नाही, तर पहिल्या पावसातच काचेखाली वाफ धरते.

पूर्वीचं निदान घड्याळापासून सुरू व्हायचं: पट्टी खरी का, कपॅसिटर शाबूत का. आता ते घालणाऱ्याच्या दिवसापासून सुरू करावं लागतं. दुकानात जाण्याआधी आठवडाभर घड्याळ बाल्कनीच्या कठड्याशी, सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा. बहुतेकदा तेवढ्यावरच भागतं. आणि महिन्याभरात ‘चार्ज’ पुन्हा लुकलुकलं, तर सेलइतकाच संशय आपल्या दिनक्रमावरही घ्या.